एका फोटोला दोन हार

१

गोविंदा वायाळ पहिल्यांदा गेला तेव्हा तीन वर्षांचा होता. साल ब्याऐंशी, गाव साखरखेर्डा, दुखणं घटसर्पाचं. दुसऱ्यांदा गेला तो गेल्या डिसेंबरात, शुक्रवारी सकाळी, बुलढाण्यात. या खेपेला मी तिथे हजर होते.

हजर म्हणजे मी आपली चित्रं बघायला गेले होते. तोताराम वायाळांनी लहान मुलांच्या एकतीस पुस्तकांसाठी चित्रं काढली. त्यांतल्या कोंबड्या गिरवून गिरवून माझ्या मुलीनं आमच्या घराच्या भिंतींची वाट लावली होती. त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या लेकीनं, सुचितानं, सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या वाचनालयाचं सभागृह चार दिवसांसाठी घेतलं आणि बापाची सगळी कारकीर्द भिंतींवर मांडली. गुरुवारी संध्याकाळी उद्घाटन, रविवारी समारोप. उद्घाटनाला मी गेले नाही, कारण भाषणं ऐकण्याचा कोटा माझा नोकरीतच संपला आहे.

शुक्रवारी दहा वाजता मी पोचले तर सुचिता एका रिकाम्या चौकटीसमोर उभी होती. बाहेर तीन दिवसांपासून आभाळ धरलेलं, आत ट्यूबलाइटचा पांढरट उजेड, आणि त्या उजेडात तिचा चेहरा बघवत नव्हता.

"काय झालं गं?"

"दादा गेला," ती म्हणाली.

मला आधी काही कळेना. मग तिनं चौकटीखालच्या कार्डाकडे बोट दाखवलं. गोविंदा तोताराम वायाळ. माळ्यावर बसून ज्वारीची राखण करणारा नऊ वर्षांचा मुलगा, हातात गोफण, नजर थेट बघणाऱ्याकडे. हे चित्र पुस्तकात मी शंभरदा पाहिलेलं. पण तो मुलगा म्हणजे तोतारामांचा मेलेला पहिला पोरगा, जगला असता तर नवव्या वर्षी असा दिसला असता म्हणून बापानं काढलेला, हे मला त्या दिवशी कळलं.

"त्याचा एकही फोटो नाही हो, जयमालाताई. तेव्हा गावात फोटो कोण काढत होतं? आईकडे त्याचा म्हणून हा एवढा एकच चेहरा आहे. घरात देवळीशेजारी लावलेला असायचा. मी तिच्या हातापाया पडून चार दिवसांसाठी मागून आणला. आणि रविवारी ती येतेय. गोविंदाला बघायला."

२

मी जयमाला चिंचोले. बत्तीस वर्षं इथल्या कोर्टात लघुलेखिका होते. लोक शपथेवर बोलायचे आणि मी टिपून घ्यायचे. न्यायाधीश बदलले, वकील बदलले, मी तिथेच. कुणी कुठे अडखळतं, कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, हे कान आपोआप टिपतात. सुचिता माझ्या मुलीची चित्रकलेची बाई, हे नातं. पोलिसांत जायला ती तयार नव्हती. पोलिस आले की सभागृह बंद होणार, आणि रविवारी आई आली की दाराला कुलूप दिसणार. म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

आधी मी सगळं प्रदर्शन नीट फिरून पाहिलं. माणूस कसा काम करायचा ते कळलं तर त्याच्या चित्राचं काय झालं तेही कळेल, असा माझा अंदाज.

तोतारामांची सुरुवात बैलगाड्या रंगवण्यापासून. मग लग्नघरच्या भिंतीवरचे गणपती, टूरिंग टॉकीजचे पडदे, हिवतापाच्या आणि कुटुंबनियोजनाच्या भिंती, बियाण्यांच्या पिशव्यांवरची कणसं, शाळेचे तक्ते, सलूनचे आरसे, मधेच पुस्तकं, आणि शेवटी फ्लेक्स आल्यावर काहीच नाही. शेवटची सात वर्षं त्यांनी फक्त गाड्यांच्या नंबरप्लेटा लिहिल्या. त्यांतल्या चार नंबरप्लेटाही सुचितानं भिंतीला लावल्या होत्या. मला त्या बघून फार वाईट वाटलं.

एका काचेखाली त्यांचं प्रकाशकाला लिहिलेलं पत्र होतं. समुद्रावरचं पुस्तक त्यांनी परत पाठवलं होतं. "मी समुद्र पाहिलेला नाही. नजरेसमोर असल्याशिवाय माझा हात चालत नाही. क्षमा असावी." शेजारी सिंहाचं चित्र, त्याच्यासाठी ते एसटीनं औरंगाबादला जाऊन दोन दिवस पिंजऱ्यासमोर बसले होते. कोंबडीसाठी कोंबडी, आजीसाठी आजी. सगळ्या पुस्तकांत एकही गोष्ट मनानं काढलेली नव्हती, असं सुचितानं मोठ्या अभिमानानं कार्डावर लिहिलं होतं.

मग मी रिकाम्या चौकटीकडे परत आले. चौकट तिच्या खिळ्यावरच होती. मागच्या पत्र्याच्या पट्ट्या वळवून फक्त कागद काढून घेतलेला. काच लख्ख.

"काच कुणी पुसली?"

"कुणीच नाही. उलट मी काल गंध लावलं होतं दादाला. आणि चंदनाचा हार. बाबांच्या फोटोला घातला, तसाच त्यालाही."

काचेवर गंधाचा ठिपकाही नव्हता. हारही नव्हता. चोरानं चित्र नेलं, हे समजण्यासारखं होतं. पण काच पुसायला तो का थांबला?

मी दाराशी गेले. तिथे टेबलावर तोतारामांचा मोठा फोटो, समोर उदबत्ती. येणारा प्रत्येक जण त्याला नमस्कार करून आत जात होता आणि नीट कुणीच बघत नव्हतं.

त्या फोटोला एकावर एक असे दोन हार होते.

३

सभागृहाचा राखणदार सहदेव. पन्नाशीचा, कंत्राटावरचा, आणि सकाळपासून घाबरलेला.

"मी काई केलं नाई, मॅडम. आईची आन."

"मी कुठे म्हणते? सुचिता सांगते, चहानंतर सगळे तिकडूनच परस्पर गेले. काल पाहुणे चहाला मागच्या अंगणात गेले तेव्हा हॉलमध्ये कोण होतं?"

"कोणीच नाई."

"तू?"

"मी कप धून राह्यलो होतो."

"किती वेळ?"

"इस मिनटं. लय झालं तर पंचवीस."

"आणि त्या वीस मिनिटांत आत कोण आलं?"

"कोणीच नाई म्हनलं ना, मॅडम. थे म्हातारी तर नुसती पानी प्याले आलती."

साक्षीदार असं न विचारलेलं बोलला की आमचे एक जुने न्यायाधीशसाहेब पेन खाली ठेवायचे आणि नुसते बघत राहायचे. मीही बघत राहिले.

सहदेवनं मान खाली घातली. "दवाखान्यातली होती बिचारी. तिचं पोरगं भरती हाये. दोन दिसापासून येते, मी माठातलं पानी देतो. समोरच्या बोर्डावरचा फोटो पाहून इचारलं, हा साखरखेर्ड्याचा तोता पेंटर का? म्हनलं, हाव. तर म्हने, पाहू का? म्हनलं पाह्य ना, आत कोनी नाई. आता तिनं काय चोरा लागते? तिच्याजवळ तर येक थैली अन येक्सरेचं पाकीट."

"एक्स-रेचं पाकीट केवढं होतं?"

त्यानं हात पसरून दाखवलं. मी रिकाम्या चौकटीकडे बघितलं. माप जुळत होतं. पण दवाखान्यात पोराजवळ बसलेली म्हातारी पुस्तकातलं चित्र घेऊन काय करणार? विकायचं तिला ठाऊक नाही, आणि विकणारा काच पुसत नाही.

"मॅडम, माह्यी नौकरी जाईन का?"

"बघू," मी म्हणाले.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली आणि आत येणारा माणूस आल्या आल्या ओरडला, "कहाँ है वो सुचिता मॅडम? मेरी चीज गायब कैसे हो गई?"

४

हे गणेश बोंबटकार, खामगावचे. यांच्या वडिलांनी तोतारामांची पुस्तकं छापली. वडील गेले, छापखाना मुलाकडे आला. उद्घाटनाच्या वेळीच त्यांचं सुचिताशी वाजलं होतं, कारण मूळ चित्रं छापखान्याची असा त्यांचा दावा. सहदेवनं फोनवर त्यांना बातमी दिली असणार.

मी त्यांना चहा पाजला. रागावलेल्या माणसाला बशीतून चहा दिला की तो निम्मा खाली उतरतो.

"मी काऊन चोरू, बाई? मले तर ती सगळी कायद्यानं पाहिजेत. नवी आवृत्ती काढून राह्यलो. अन चोरायचंच तर सिंह नेला असता. त्या पोराचं चित्र तर आमचं डोकेदुखीचं."

"डोकेदुखी कसली?"

"नाकावर ठिपका हाये त्याच्या. उजव्या नाकपुडीवर, बारीक, काळा. बाबांले वाटलं शाईचा डाग पडला. प्लेट बनवताना त्यांनी पुसून टाकला. पुस्तक छापून आलं तर तोताराम काका खामगावले येऊन असे भडकले, की पूछो मत. म्हणे, मी दिसलं ते काढलं, तुम्ही पुसणारे कोण? एका ठिपक्यासाठी! मी लहान होतो, पण मले याद आहे."

माझ्या हातातला कप हातातच राहिला. कोर्टात असं व्हायचं. चार तास कंटाळवाणी साक्ष चालते, आणि मधेच एक वाक्य असं येतं की बोटं थांबतात.

गणेशरावांना ते कळलं नाही. ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? बाहेरचा चोर शोधू नका. घरातला शोधा. तोताराम काकांनी सगळ्या गावाचे पोट्टे काढले, मेलेला पोरगा काढला, पण या जित्त्या पोरीचं एक चित्र नाही काढलं. सगळं प्रदर्शन फिरून पाहा. सुचिता एका बी कागदावर सापडली तर माह्यं नाव बदला."

मी फिरून पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

५

सुचिता मागच्या अंगणात पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. दगड गार होता.

"तुझ्या बाबांनी तुझं चित्र कधी काढलं नाही?"

"मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, तू तर समोरच आहेस, तुला कशाला काढू? मी सातवीत होते. त्या दिवशी मी त्या गोविंदाचा फार राग राग केला. मेला तरी भिंतीवर तोच." तिनं पदरानं डोळे पुसले. "आता सांगा, मीच चोरलं असं तुम्हालाही वाटतं का?"

"नाही. हार तू घातलास म्हणून. ज्याला चित्र चोरायचं तो आदल्या तासाला गंध लावत बसत नाही. आता मला तीन गोष्टी सांग. घरी असताना या चित्राला हार असायचा?"

"कधीच नाही. मी लहानपणी एकदा झेंडूची माळ घातली तर आईनं ओढून काढली आणि मला थोबाडीत दिली. तिला तो गेलेला मान्यच नव्हता, असं मला वाटतं. म्हणूनच काल तिच्यामागे मी मुद्दाम हार घातला. म्हटलं, चाळीस वर्षं झाली, आता तरी त्याला निरोप मिळू दे."

"गोविंदाच्या आधी तुझ्या आईचं एखादं मूल गेलं होतं?"

"नाही. तो पहिलाच."

"आणि तुम्ही बुलढाण्याला कधी आलात?"

"मी पाच वर्षांची असताना, एकोणनव्वदला. चित्र त्याच्या आदल्या वर्षीचं. बाबा गेल्यावर आई परत गावी जाऊन राहिली." ती माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्हाला काय कळलंय?"

मी तिला काही सांगितलं नाही. मला जे कळलं होतं ते असं.

समुद्र न पाहिलेला माणूस समुद्र काढत नाही. मग सहा वर्षांपूर्वी गेलेलं पोर नऊ वर्षांचं होऊन त्याच्या नजरेसमोर कसं बसेल? माळ्यावर बसलेला मुलगा खरा होता, जिवंत होता आणि गोविंदा नव्हता. त्याच्या नाकाला ठिपका होता. आमच्याकडे मुलाचं नाक टोचतात ते एकाच कारणानं. आधीची मुलं जगत नसली की पुढच्याचं नाक टोचायचं, त्याला नाव वाईट द्यायचं, म्हणजे यमाला तो नकोसा वाटावा. वायाळांच्या पहिल्या मुलाचं नाक टोचायचं कारणच नव्हतं.

आता एखादी आई दवाखान्यातून पाणी प्यायला येते. तिचा आजारी मुलगा समोर खाटेवर आहे. आणि भिंतीवर त्याच मुलाचा चेहरा, त्याला गंध, त्याला चंदनाचा हार. तिला कार्ड वाचता येत नसेल, पण हार सगळ्यांना वाचता येतो. ती गंध पुसेल. हार काढेल. हार मेलेल्याचा, म्हणून मेलेल्याच्या गळ्यात नेऊन घालेल. आणि चित्र तिथे एक क्षणही राहू देणार नाही.

हे मी पायरीवर बसून जुळवलं आणि उठले. शनिवार सकाळपर्यंत मी वाट पाहिली, कारण वॉर्डात भेटायची वेळ टळली होती.

६

दवाखान्यात चौकशी केली तर साखरखेर्ड्याचा एकच रुग्ण होता, डायलिसिसच्या वॉर्डात. शेहेचाळीस वर्षांचा, अंगानं पार वाळलेला, डोळे मिटून पडलेला. उजव्या नाकपुडीवर जुनं, बुजत आलेलं भोक. खाटेच्या पाटीवर नाव होतं, उकंडराव.

खाली सतरंजीवर बसलेल्या म्हातारीनं मला बघितलं आणि लगेच ओळखलं. म्हणजे मला नव्हे, मी कशासाठी आले ते.

"चला, बाहीर बोलू," ती म्हणाली. "त्याच्याम्होरं नाई."

अंबूबाई तिचं नाव. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती बोलायला लागली.

"तीन गेले माहे, बाई. याच्या आंधी तीन. हा झाला तवा सासूनं सांगतलं, याले उकिरड्यावर टाक. फडक्यात गुंडाळून टाकला. ज्या बाईचं लेकरू जित्तं हाये तिनं उचलायचं, आपलं म्हनून घरी न्यायचं, मंग आपुन सूपभर जवारी देऊन इकत घ्यायचं. तशीन मरनाले वाटते हे लेकरू या घरचं नाई, फेकेल हाये. म्हनून उकंडा नाव ठेवलं. नाक टोचलं. शेहेचाळीस वर्सं झाले, कधी याचा वाढदिस नाई केला. कधी चांगला दिसतो म्हनलं नाई. एवढं जपलं. अन परवाच्या दिशी तिथं गेली तं भितीवर माहा उकंडा. हार घालून!"

छातीवर हात दाबून धरला होता तिनं.

"तोताभाऊनं याले माळ्यावर बसवून काढलं होतं, गूळ देऊन देऊन. मले माहीत होतं. पन हार काऊन घातला? माहं पोरगं तिकडं खाटेवर, अन इकडं हार! मले काई सुचलं नाई, बाई. मी काढून आनलं. चोरी केली, हाव. पोलिसात द्या मले."

"पोलिस नाहीत, मावशी. चित्र कुठे आहे?"

"नाई आता."

"नाही म्हणजे?"

"काल सकाळी दवाखान्याच्या मांगं उकिरडा हाये तिथं ठेवलं," अंबूबाई म्हणाली. "लहानपनी ठेवला होता तसं. फडकं पांघरून. मंग बसली वाट पाहत, का कोनी लेकुरवाळी येऊन उचलीन. कोनी उचलना. आठ वाजता घंटागाडी आली. गाडीवर बाई होती, तिनं खराट्यासंगं उचललं. मी धावत गेली, इचारलं, बाई, लेकरं हायेत का तुले? म्हने, दोन हायेत. मंग म्या नेऊ देलं. उचललं ना तिनं. झालं मंग."

सुटल्यासारखा चेहरा होता तिचा. सूपभर ज्वारी नव्हती म्हणून तिनं त्या बाईला बिस्किटाचा पुडा दिला होता. मला तिच्यावर रागावता येईना. तिथे मी असते तर मीही तेच केलं असतं.

"शेहेचाळीस वर्षांपूर्वी उकिरड्यावरून कुणी उचललं होतं उकंडाला?" मी विचारलं. उगीचच विचारलं, सवयीनं.

"शालूनं. तोताभाऊच्या बायकोनं. तिचा गोविंदा तवा दोन महिन्याचा होता, चांगला गुटगुटीत. ती लेकुरवाळी म्हनून तिलेच बलावलं." अंबूबाईनं नजर खाली वळवली. "मंग तिचा गेला, अन माहा राह्यला. ती मले कधी काई बोलली नाई. मीच तिच्या दारावरून जाची नाई."

७

सुचिताला मी एवढंच सांगितलं, की चित्र कचऱ्याच्या गाडीत गेलं, परत येणार नाही, नेणारा माणूस चोर नाही आणि सहदेवचा यात काही दोष नाही. ती रडली, मग उठून तिनं पुस्तकातलं तेच पान कापलं, चौकटीत बसवलं, काचेला गंध लावलं आणि बापाच्या फोटोवरचा वरचा हार काढून परत त्याला घातला. "आईची नजर कमी झालीय," ती म्हणाली. "तिला कळणार नाही."

मी अडवायला हवं होतं. पण काय सांगून अडवणार होते? छत्तीस वर्षं ज्याला लेक समजून तू दिवा लावलास तो दुसरीचा आहे, हे त्या म्हातारीला मी सांगणार होते का? छापलेला कागद तर कागद, निदान तो चेहरा तिच्याकडे राहील, असं मी मनाला समजावलं. घरी तिनं हार का घालू दिला नाही, याचा विचार मात्र मी पुरता केला नव्हता. बत्तीस वर्षं कोर्टात काढूनही ही चूक झाली.

रविवारी दुपारी शालूबाई एसटीनं आल्या. बारीक चणीच्या, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. नवऱ्याच्या फोटोला त्यांनी नमस्कार केला आणि काही न बघता सरळ त्या चौकटीपाशी गेल्या. नाक काचेला लागेल इतक्या जवळ.

त्यांनी सगळ्यात आधी हार काढला.

"आई, राहू दे ना," सुचिता म्हणाली.

शालूबाईंनी अंगठा त्या पोराच्या नाकावर ठेवला. "हे ते नव्हं. हितं ठिपका पाह्यजे. नाक टोचेल होतं त्याचं. टोचतानी मीनच धरलं होतं त्याले."

"दादाचं नाक कुठे टोचलं होतं?"

"गोविंदाचं नाई वं. उकंड्याचं. अंबूच्या."

सुचितानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "तुला माहीत होतं?"

"आईले आपल्या लेकराचं तोंड समजत नाई का?"

"मग बोलली काऊन नाई?" सुचिताची शहरी बोली कुठल्या कुठे गेली होती.

शालूबाई खुर्चीवर बसल्या. हार मांडीवर घेतला. "तुह्या बापानं चित्र घरी आनलं. म्हने, शालू, पाह्य, आपला असता तं एवढा झाला असता. अन वसरीवर बसून रडाले लागला. गोविंदा गेला तवा रडला नव्हता तो, सहा वर्सांनी रडला. मी काय म्हनू त्याले? हा आपला नव्हं म्हनू? मंग त्यानंच खिळा ठोकला. लावलं ते लावलं. हार तेवढा मी घालू देला नाई. जित्त्या लेकराले कोनी हार घालते का?"

हॉलमध्ये आणखी चारपाच माणसं होती. ती चित्रांकडे तोंड करून उभी राहिली, पण ऐकत सगळीच होती.

"आई," सुचिता तिच्या पायांशी बसली, "दादा कसा दिसायचा?"

शालूबाईंनी मांडीवरच्या हारावरून हात फिरवला.

"थेच तं सांगता येत नाई. रोज दिवा लावतानी याचंच तोंड म्होरं. छत्तीस वर्सं. माहा होता तो पुसला गेला वं. डोये मिटले तरी उकंड्याच येते."

मला तिथे उभं राहवेना. मी खिडकीशी गेले. गुरुवारी अंबूबाईनं कागद नेला, तो एक कागद होता. चेहरा अठ्ठ्याऐंशी साली गेला, घरातल्या घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि नेणाऱ्यानं तो प्रेमानं नेला. या गुन्ह्याला कलम नाही. मी इतकी वर्षं कलमं टाइप केली, मला ठाऊक आहे.

"अंबू कुठं हाये?" मागून शालूबाईंचा आवाज आला. म्हणजे चित्र कुणी नेलं हेही त्यांना मी न सांगता कळलं होतं; उकंडाच्या गळ्यातला हार कुणाला सोसवणार नाही, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

"समोर," मी म्हणाले. "दवाखान्यात. उकंडाजवळ. किडनीचं दुखणं आहे."

त्यांनी मान हलवली. "उचलला होता मी त्याले. माहा गेला तवा लय दिस वाटे, का त्याच्या वाट्याचं मरन मीनच उचलून घरी आनलं. अंबूलेबी तसंच वाटत असन." त्या उठल्या. "जाते मी पाहाले. पन आंधी हे काढ."

सुचितानं चौकट खाली घेतली, पट्ट्या वळवल्या, छापलेलं पान बाहेर काढलं. मागचा पुठ्ठा तेवढा राहिला.

"आता लाव परत."

"रिकामी?"

"हाव."

सुचितानं रिकामी चौकट खिळ्यावर टांगली. शालूबाईंनी पदराच्या टोकानं काच पुसली, टाचा उंचावून तो चंदनाचा हार स्वतःच्या हातानं चौकटीला घातला, दोन्ही बाजूंनी सारखा केला आणि हात जोडले.

मग आम्ही तिघी रस्ता ओलांडून दवाखान्यात गेलो.

संध्याकाळी समारोपाला लोक आले. सहदेव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, लोक इचारून राह्यले, हे रिकामं काऊन हाये? काय सांगू? खालचं कार्ड तरी काढू का?"

"नको," मी म्हणाले. "कार्ड बरोबर आहे."

त्यानं चष्मा लावून वाचलं. गोविंदा तोताराम वायाळ.